थोरल्याचा आजार, धाकटीची तपासणी

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

मी तासगाव तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. थोरला मुलगा आता २४ वर्षांचा आहे. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याच्या कानात आवाज येऊ लागले आणि मित्र आपल्यावर पाळत ठेवतात असे त्याला वाटू लागले. पहिले आठ महिने आमचे देवऋषी आणि नवस यांत गेले. पुढे मिरजेत स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. औषधे चालू आहेत आणि तो आता माझ्याबरोबर बागेत काम करतो. धाकटी मुलगी १८ वर्षांची असून सांगलीत वसतिगृहावर राहून बीएस्सी करते. दोन-तीन महिन्यांपासून ती रात्री उशिरापर्यंत जागी असते आणि घरी आली तरी फारशी बोलत नाही. नात्यातील एकाने सांगितले, की थुंकीवरून जनुके तपासली की हा आजार होण्याचा धोका किती टक्के आहे ते कळते. दुसरा म्हणतो, मेंदूचा एमआरआय काढून घ्या. ऑक्टोबर छाटणीच्या आधी आम्ही काडी तपासून घेतो, तेव्हा डोळ्यात घड आहे की नाही ते समजते. माणसासाठी अशी तपासणी निघाली आहे का? मुलीला आतापासूनच गोळ्या सुरू कराव्यात का? दोन-तीन वर्षांत तिच्या लग्नाचे पाहावे लागेल. तपासणी चांगली आली तर पाहुण्यांना दाखवता येईल, असे तिच्या आईचे म्हणणे आहे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरे आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो, म्हणजे तपासणीचे पैसे भरण्याची घाई चाललेली असेल तर ती तरी थांबेल. थुंकीवरची जनुकीय तपासणी करू नका. केवळ भविष्य कळावे म्हणून एमआरआयही काढू नका. मुलीला गोळ्या सुरू करण्याचा प्रश्न तुमच्या पत्रातील माहितीवरून तरी उद्भवत नाही. मात्र तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे असे मला निश्चितपणे वाटते, आणि ते तिच्या भावाच्या आजारासाठी नव्हे, तर तिची झोप उडाली आहे आणि ती गप्प झाली आहे म्हणून.

काडी तपासणीचा दाखला तुम्ही नेमका दिला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. प्रयोगशाळेत काडीचा डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, तेव्हा घडाची रचना आत आधीच झालेली असते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढलेल्या काडीत ती होऊन गेलेली असते आणि तपासणारा फक्त असलेली गोष्ट पाहून ‘आहे’ असे सांगतो. स्किझोफ्रेनिया किंवा सायकोसिसचे इतर आजार, म्हणजे ज्यांत माणसाचे वास्तवाचे भान सुटते असे आजार, एखाद्या निरोगी तरुण मुलीच्या जनुकांत, रक्तात किंवा मेंदूत अशा तयार घडाच्या रूपात कोठेही बसलेले नसतात. असते ती कमी-अधिक शक्यता, आणि ती पुढे झोप, ताण, व्यसन, डोक्याला झालेल्या इजा, मिळालेला आधार अशा अनेक गोष्टींनी सरकत राहते. म्हणून शास्त्रज्ञ ज्यांना ‘बायोमार्कर’ म्हणतात, त्या शरीरातील मोजता येण्याजोग्या जैविक खुणा या आजारांच्या बाबतीत ‘आहे की नाही’ हे सांगू शकत नाहीत. फार तर ‘शक्यता इतकी’ एवढेच त्या सुचवतात.

ही शक्यता मुळात किती आहे, ते आधी पाहू. सर्वसाधारण लोकांत आयुष्यभरात स्किझोफ्रेनिया होण्याचे प्रमाण शंभरांत सुमारे एक आहे. आयर्विंग गॉट्समन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी युरोपातील अनेक दशकांच्या कौटुंबिक अभ्यासांतून जे आकडे १९९१ मध्ये एकत्र मांडले, त्यांनुसार सख्ख्या भावाला किंवा बहिणीला आजार असेल तर हे प्रमाण शंभरांत सुमारे नऊ होते. आकडा नऊपट झाला हे खरे आहे आणि तुमची काळजी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी, की अशा शंभर भावंडांपैकी एक्क्याण्णव जणांना तो आजार होत नाही. त्याच तक्त्यात एकसारख्या जुळ्यांचा आकडाही आहे. एका जुळ्याला आजार असेल तर दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण शंभरांत सुमारे ४८ आहे. दोघांची जनुके एक, घर एक, बहुतेक वेळा शाळाही एक, आणि तरीही निम्म्याहून अधिक वेळा दुसरा जुळा त्या आजारापासून सुटलेला असतो. जनुकांची तपासणी कितीही बिनचूक झाली तरी तिच्या अंदाजाला इथे एक मर्यादा आपोआप पडते, कारण तंतोतंत तीच जनुके असलेल्या दोन माणसांचे आयुष्यही वेगवेगळ्या वाटांनी जाते.

आता एक हिशेब मांडतो. तुम्ही बागेचा जमाखर्च ठेवणारे असल्यामुळे तो तुम्हाला अवघड जाणार नाही. समजा, उद्या एखादी अतिशय चांगली तपासणी निघाली. ज्यांना आजार होणार आहे त्यांच्यापैकी ९० टक्के लोकांना ती बरोबर ओळखते आणि ज्यांना होणार नाही त्यांच्यापैकीही ९० टक्के लोकांना बरोबर ‘नाही’ म्हणते. इतकी अचूक तपासणी आज या आजारासाठी जगात कोठेही नाही, पण धरून चालू. ती गावातील १,००० सर्वसाधारण लोकांवर केली, तर आजार होणाऱ्या १० जणांपैकी ९ जण ती पकडेल, आणि न होणाऱ्या ९९० जणांपैकी ९९ जणांनाही चुकून ‘धोका’ असा शिक्का मारेल. एकूण १०८ जण धास्तावतील आणि त्यांच्यापैकी खरोखर आजारी पडतील ते ९, म्हणजे बारा जणांत एक. हीच तपासणी आजारी माणसांच्या १,००० भावंडांवर केली, तर ९० पैकी ८१ जण पकडले जातील आणि उरलेल्या ९१० पैकी ९१ जण उगाच अडकतील. म्हणजे एवढ्या उत्तम तपासणीतही ‘धोका आहे’ असे लिहून आलेल्या भावंडांपैकी निम्म्याहून अधिक जण पुढे निरोगीच राहतील. तुमच्या नातेवाइकांनी सुचवलेली तपासणी या कल्पित तपासणीच्या जवळपासही पोहोचत नाही.

का पोहोचत नाही, ते जनुकांच्या इतिहासावरून कळते. या आजाराचे एखादे मुख्य जनुक सापडेल, अशी आशा एकेकाळी मोठ्या प्रमाणात होती. ते सापडले नाही. २०१४ मध्ये अनेक देशांतील शास्त्रज्ञांच्या गटाने एकत्र येऊन जनुकसंचातील अशा १०८ जागा दाखवून दिल्या, जिथले फरक या आजाराशी निगडित आहेत, आणि २०२२ मध्ये सुमारे ७६ हजार रुग्णांच्या माहितीवरून ती संख्या २८७ झाली. यांतील एकेका जागेवरचा फरक धोक्यात केवळ चिमूटभर भर घालतो आणि तो निरोगी लोकांतही सर्रास आढळतो. या सगळ्या चिमटींची बेरीज करून जो आकडा काढतात, त्यालाच जनुकीय जोखमीचा गुणांक म्हणतात आणि तोच तुम्हाला टक्क्यांच्या भाषेत विकला जातो. माणसामाणसांत या आजाराच्या प्रवृत्तीचा जो फरक असतो, त्यातील सुमारे सात टक्केच हा गुणांक समजावून देऊ शकतो. शिवाय ज्या लोकांच्या जनुकांवरून तो बांधला गेला ते मुख्यतः युरोपीय वंशाचे आणि त्यांच्या खालोखाल पूर्व आशियाई होते. एका प्रदेशातील लोकांवर बेतलेला असा गुणांक दुसऱ्या प्रदेशातील लोकांना लावला की त्याची अचूकता आणखी घटते. नाशिकच्या बागेचे खताचे वेळापत्रक माती न पाहता तुम्ही तासगावच्या माळावर वापरणार नाही, तसेच हे आहे.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा जन्मतःच गळलेला असेल, तर अशा व्यक्तींपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांना पुढे सायकोसिसचा आजार होतो. पण त्यांच्यात बहुतेक वेळा जन्मजात हृदयदोष, टाळूचा दोष, रक्तातील कॅल्शियम कमी असणे किंवा शिकण्यातील अडचण अशी काही ना काही खूण लहानपणापासून असते. तुमच्या मुलाला यांपैकी काही असेल, तर ते त्याच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. ती तपासणी रीतसर असते आणि ती आधी त्याची करायची असते, तिची नव्हे.

जनुकांच्या या संशोधनातून रोगी ओळखण्याचे साधन हाती आले नसले, तरी आजार कसा घडत असावा याची समज मात्र वाढली आहे, आणि इथे तुमची छाटणी पुन्हा उपयोगी पडते. लहानपणी मेंदूतील चेतापेशींमध्ये गरजेपेक्षा जास्त जोडण्या झालेल्या असतात आणि वयात येताना मेंदू त्यांतील कमी वापरल्या जाणाऱ्या जोडण्या काढून टाकतो. ही छाटणी सगळ्यांच्याच मेंदूत होते आणि ती आवश्यकही असते. स्किझोफ्रेनियात ती प्रमाणाबाहेर होत असावी, अशी कल्पना अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ मध्येच मांडली होती. २०१६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले, की प्रतिकारशक्तीशी संबंधित ‘सी-फोर’ नावाच्या जनुकाचे काही प्रकार या आजाराचा धोका थोडा वाढवतात, आणि हेच जनुक उंदरांच्या मेंदूत जोडण्यांच्या छाटणीत भाग घेते. आजार विशीच्या आसपास का डोके वर काढतो, याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण यातून मिळते. पण ‘सी-फोर’चे धोक्याचे प्रकार असलेले बहुसंख्य लोक ठणठणीत असतात, म्हणून ते तपासून मुलीविषयी काहीही ठरवता येणार नाही.

एमआरआयचेही तसेच आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांच्या मेंदूतील द्रवाच्या पोकळ्या सरासरीने थोड्या मोठ्या असतात, हे १९७६ पासून माहीत आहे. ज्यांना पुढे सायकोसिस झाला अशा तरुणांत मेंदूच्या काही भागांचा थर आधीपासूनच किंचित अधिक वेगाने पातळ होत गेला, असेही उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात २०१५ मध्ये दिसले. या सगळ्या सरासरीच्या गोष्टी आहेत. पुरुष सरासरीने बायकांपेक्षा उंच असतात, पण पडद्यामागे उभ्या असलेल्या माणसाची उंची पाच फूट पाच इंच आहे एवढ्यावरून तो पुरुष की बाई हे कोणी सांगू शकत नाही. आजार प्रत्यक्ष सुरू झाल्यावर आम्ही एमआरआय काढायला सांगतो, तो गाठ, मेंदूज्वर किंवा फिट्स येण्यासारखे दुसरे कारण नाही ना, हे पाहण्यासाठी. तुमच्या मुलाचा काढला असेल तर तो त्यासाठीच.

रक्ताबद्दल थोडक्यात. शरीरातील दाह दाखवणारी काही द्रव्ये या रुग्णांत किंचित वाढलेली आढळतात. ती पडशानेही वाढतात, लठ्ठपणानेही वाढतात. मानसोपचारतज्ज्ञ मुलीला थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला सांगतील तर ते अवश्य करा. गप्प होण्याची आणि थकव्याची ती साधी आणि बरी होणारी कारणे असू शकतात.

मेंदूच्या विद्युत्‌लहरींवरील एक प्रयोग मला स्वतःला सर्वांत सुंदर वाटतो, म्हणून तो सांगतो. डोक्यावर तारा लावून माणसाला एकसुरी आवाज ऐकवतात आणि मध्येच एखादा आवाज थोडा वेगळा काढतात. माणसाचे लक्ष पुस्तकात असले तरी मेंदू त्या वेगळ्या आवाजाची आपोआप दखल घेतो आणि आलेखावर एक छोटी लाट उमटते. फिनलंडचे मानसशास्त्रज्ञ रिस्टो नातानेन यांनी १९७८ मध्ये तिचे वर्णन केले. स्किझोफ्रेनियात ही लाट सरासरीने लहान असते आणि पुढे आजारी पडणाऱ्या काही तरुणांत ती आधीच लहान झालेली आढळली आहे. कधी काळी यातून एखादे उपयोगी साधन निघेलही, पण आज ते संशोधकांच्या खोलीतच आहे.

मग आज अंदाज बांधण्याचे सर्वांत भरवशाचे साधन कोणते? तुम्हाला कदाचित ते फार साधे वाटेल. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे पॅट्रिक मॅकगॉरी आणि अ‍ॅलिसन युंग यांनी १९९० च्या दशकात ज्या तरुणांना आजाराची चाहूल लागली असावी अशांसाठी वेगळे क्लिनिक सुरू केले आणि ती चाहूल कशी ओळखायची याचे निकष बसवले. आपल्या नावाने कोणी हाक मारली असा भास अधूनमधून होणे, लोक आपल्याविषयी बोलत असावेत अशी शंका येणे आणि ती खोटी असेल हेही कळणे, रोजचे जमणारे काम हळूहळू जमेनासे होणे, अशा गोष्टी त्यांत येतात. हे निकष लागू पडणाऱ्या आणि मदतीसाठी आपण होऊन आलेल्या तरुणांतही तीन वर्षांत सायकोसिस होतो तो साधारण चौथ्या हिश्श्याला. अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ मध्ये अशा तरुणांसाठी जोखमीचा एक गणक तयार केला. त्यात वय, शंकेखोरपणाची आणि विचित्र विचारांची तीव्रता, शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता, विचारांचा वेग, मित्रांत आणि कामात झालेली घसरण, आयुष्यातील आघात आणि घरातील आजार एवढ्याच गोष्टी भरायच्या असतात. रक्ताचा एक थेंब लागत नाही, एक फोटो लागत नाही, आणि तरी पुढे आजारी पडणारा एक आणि न पडणारा एक असे दोन तरुण समोर ठेवले, तर शंभरांपैकी सुमारे ७१ वेळा तो बरोबर ओळखतो. हा गणकदेखील फक्त चाहूल लागलेल्या तरुणांसाठी आहे. ज्या मुलीला अशी लक्षणेच नाहीत, तिच्यासाठी तो वापरणेही चूक ठरेल.

म्हणून तुमच्या मुलीशी कोणीतरी शांतपणे बसून बोलणे हीच तिची तपासणी आहे. झोप कशाने उडाली, परीक्षा आणि मोबाइल यांमुळे की मनात काही चालले आहे म्हणून, हे तिला विचारले का? पत्रात तसे लिहिलेले नाही, म्हणून विचारतो. ज्या वर्षी भाऊ आजारी पडला त्या वर्षी ती चौदा वर्षांची असेल. घरातील सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागलेले असताना तिने काय पाहिले, आणि ‘आता आपली पाळी’ ही भीती ती किती दिवस एकटी बाळगून आहे, हे मी इथून सांगू शकत नाही. पण अशा घरांतील भावंडांना उदासीनता आणि चिंता यांनी ग्रासलेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि ते सायकोसिसपेक्षा कितीतरी अधिक वेळा. तसे काही असेल तर त्यावर उपचार आहेत आणि ते लवकर सुरू केलेले बरे. विचारताना ‘तुलाही दादासारखे होते का’ असा प्रश्न टाकू नका. झोपेविषयी, जेवणाविषयी, अभ्यासात लक्ष लागण्याविषयी विचारा आणि मग गप्प बसा.

गोळ्यांविषयी. केवळ धोका आहे म्हणून सायकोसिसवरची औषधे देऊ नयेत, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. चाहूल लागलेल्यांनाही आधी समुपदेशन आणि विचारांवर काम करणारी मानसोपचारपद्धती देण्यास त्यात सांगितले आहे. या औषधांनी वजन आणि साखर वाढू शकते, मुलींची पाळी बिघडू शकते. ज्याला आजार आहे त्याच्यासाठी हा व्यवहार योग्य असतो, ज्याला नाही त्याच्यासाठी नसतो. थोरल्याची औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, हंगामाच्या धावपळीतही नाही.

टाळता येण्याजोगी एक गोष्ट नक्की आहे, आणि ती दोन्ही मुलांना सांगावी: गांजा. स्वीडनमध्ये १९६९-७० मध्ये सैन्यभरतीला आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांचा पुढे पंधरा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा भरतीपूर्वी पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न ओढलेल्यांच्या सहापट आढळले. हे सगळे गांजामुळेच झाले असे नाही, परंतु घरात आधीच आजार असताना हा धोका कोणी का पत्करावा?

आता तिच्या आईच्या म्हणण्याविषयी. ‘हिला हा आजार होणार नाही’ असे प्रमाणपत्र जगातील कोणतीही प्रयोगशाळा देऊ शकत नाही, माझ्या मुलीलाही नाही आणि पाहुण्यांच्या मुलालाही नाही. गुणांक चांगला आला तर तो काही सिद्ध करत नाही. वाईट आला तर तो कागद घरात राहतो, मुलीच्या मनात राहतो आणि पाहुण्यांच्या कानावर जायला तासगाव ते सांगली एवढेही अंतर लागत नाही. शिवाय मुलगी सज्ञान आहे. अशी कोणतीही तपासणी करायची की नाही आणि तिचा निकाल कोणाला सांगायचा, हा निर्णय तिचा आहे. तिने मानसोपचारतज्ज्ञांना जे सांगितले त्याची गुप्तता मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नेही तिला दिलेली आहे, आणि ती आई-वडिलांपासूनही असू शकते, हे मनाची तयारी व्हावी म्हणून आताच लिहितो. भावाचा आजार सोयरिकीच्या वेळी लपवावा, असे मात्र मला वाटत नाही. तो औषध घेतो, बागेत काम करतो, हे जसे आहे तसे सांगावे.

पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती, ती वर छापलेली नाही: हे कोणाकडच्या रक्तातून आले, यावरून घरात वाद होतो. शेकडो जागांवरच्या चिमूटभर फरकांतून जी प्रवृत्ती बनते, ती जवळजवळ नेहमी दोन्हीकडून आलेली असते आणि ती कोणीही निवडून दिलेली नसते. तो वाद या आठवड्यात थांबवता आला तर मुलीला घरी येऊन बोलायला थोडी जागा होईल.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. थोरल्याचे डॉक्टर तुमच्या ओळखीचे असतील, पण मुलीला दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचे असेल तर तसे करू द्या. लगेच जाणे शक्य नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत आणि विनामूल्य बोलता येते, तीही बोलू शकते आणि तुम्हीही. मात्र तिला आवाज ऐकू येतात असे ती म्हणाली, जीव नकोसा झाला असे बोलली, किंवा सलग दोन-तीन रात्री अजिबात झोपली नाही, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जाताना थोरल्याची कागदपत्रे बरोबर ठेवा, आणि त्याच्या आजारापूर्वीच्या सहा महिन्यांत त्याच्यात कोणते बदल कोणत्या महिन्यात दिसले होते, ते तुम्ही उभयतांनी आठवून एका कागदावर लिहून न्या. डॉक्टर ते नक्की विचारतील.